डावा गाल

खुर्ची मांडून झाली, मागचा पडदा सोडून झाला, दिवे लावून झाले, आणि आत्या म्हणाली, "मी नाही बसत."

अण्णांना वाटलं, पाठ दुखत असेल. "उशी देऊ का मागे?"

"उशी नको. मला इथे फोटोच नको. मी या दोघांबरोबर तळ्यावर जाणार आहे. बाहेर, उन्हात काढायचाय."

या दोघांबरोबर म्हणजे अण्णांच्या धाकट्या मुलाबरोबर आणि त्याच्या बायकोबरोबर, घरातल्या धाकट्या आणि धाकटीबरोबर. दोघं दाराशी उभी होती. धाकट्याच्या गळ्यात कॅमेरा, धाकटीच्या हातावर नवाकोरा लोकरीचा कोट, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर आता आपली काही धडगत नाही असा भाव. आत्याला यांनीच फूस लावली, असं घरातल्या प्रत्येकाला लगेच वाटलं. वाटणारच. हे नवरा-बायको गेले तीन हिवाळे गावातल्या भल्याभल्यांना घराबाहेर काढून बर्फात उभं करत होते. ती कोट शिवायची, तो फोटो काढायचा. पोस्टमन झाला, बेकरीवाला झाला, लायब्ररीतली ती चिडकी बाई झाली. घरचा चांगला स्टुडिओ, गरम खोली, रंगवलेले पडदे सोडून माणसांना गारठवण्यात काय सुख आहे, हे थोरल्या भावाला कधी कळलं नाही. अण्णांनी तर त्यातला एकही फोटो पाहिला नव्हता. बघा म्हटलं की त्यांचा चष्मा सापडायचा नाही.

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण संध्याकाळी आत्याला हॉस्पिटलात दाखल व्हायचं होतं आणि उद्या सकाळी ऑपरेशन होतं. जन्मापासून तिच्या डाव्या गालावर जांभळट डाग होता, डोळ्याखालून निघून पार जबड्यापर्यंत पसरलेला. त्या डागाखाली गाठ निघाली. डागासकट सगळं काढायचं आणि मांडीची कातडी तिथे लावायची. ओठ त्या बाजूने जरा ओघळेल, हसताना फरक जाणवेल, असं सर्जनबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून त्याआधी एक फोटो, हे अण्णांनीच ठरवलं. या घरात कुणाचा दात पडला तरी फोटो निघतो, तेव्हा कुणाला त्यात नवल वाटलं नाही.

"बाहेर बर्फ पडलाय, बेबी," अण्णा म्हणाले. साठी उलटलेल्या बहिणीला बेबी म्हणणारे ते आता एकटेच उरले होते.

"बर्फ पडलाय म्हणूनच जायचंय."

यावर अण्णांनी मांडलेल्या खुर्चीकडे पाहिलं. बाकीच्यांना वाटलं, राग आला. राग होताच, पण त्याच्या आधी त्यांना कळलं होतं. शेवटी फोटोग्राफर माणूस. स्टुडिओत आत्याची खुर्ची कायम एकाच कोनात लागायची. उजवा गाल दिव्याकडे, डावा अंधारात. अंधारातूनही जे दिसायचं ते अण्णा निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिलीने भरून टाकायचे. अलीकडे तेच काम थोरला कॉम्प्युटरवर करायचा, चहा पिता पिता. बर्फावर ही सोय नाही. तिथे उजेड वरून येतो तसा खालूनही येतो, सावली टिकतच नाही. तळ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचे दोन्ही गाल सारखेच दिसणार, हे अण्णांना कुणी शिकवायला नको होतं.

"अगं आत्या, डॉक्टर काय म्हणाल्या?" थोरला पुढे झाला. "सर्दी झाली, नुसता खोकला जरी लागला, तरी भूल देणार नाहीत. ऑपरेशन पुढे जाईल. आणि ती गाठ काय आपल्यासाठी थांबणार आहे?"

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"मग काही नाही. जायचंय."

"आणि सर्दी झाली तर निस्तरायचं मी," थोरली काउंटरमागून म्हणाली. हॉस्पिटलात आत्याजवळ तीच राहणार होती. "यांचं बरंय. फोटो काढतील आणि नामानिराळे होतील."

"वहिनी, आम्ही काही..." धाकटी बोलायला गेली.

"तू थांब," अण्णा म्हणाले. सुनेला ते सहसा असं तोडत नसत. मग त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. "तू नेणार आहेस हिला?"

धाकट्याने कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "तुम्ही म्हणाल तसं, अण्णा."

धाकटीने मान वळवून त्याच्याकडे असं पाहिलं, की थोरलीलासुद्धा दिराची कीव आली.

*

वरच्या मजल्यावरची जुनी डार्करूम आता धाकटीची शिवणखोली होती. लग्न होऊन आल्यावर तिने पहिलं काम काय केलं असेल, तर तिथली काळी काच काढून साधी बसवून घेतली. घरात त्यावर बरंच रामायण झालं होतं. खोलीत उजेड आला, मशीन आलं, रंगवलेल्या लोकरीच्या लड्या आल्या, आणि हळूहळू भिंतींना लागलेला फोटो धुवायच्या औषधांचा वास गेला.

तिने कोट मशीनवर टाकला. "तुम्ही म्हणाल तसं?"

"अगं, त्यांचा चेहरा बघितलास का?"

"मी आत्यांचा बघत होते."

"जरा हळू बोल."

"का हळू बोलू? तीन हिवाळे माझ्यापुढे बडबडतोयस. स्टुडिओत माणूस बसतो तो दुसऱ्यासाठी बसतो, बाहेर उभा राहतो तो स्वतःसाठी. हे तूच म्हणतोस ना? मी काय, कोट शिवते, मला काय कळतंय. आणि आज घरातलं एक माणूस स्वतःहून आलं तर तुझी बोबडी वळली."

धाकटा खिडकीशी गेला. खाली रस्त्यावर शेजारचा माणूस फावड्याने दारासमोरचा बर्फ ओढत होता. "पोस्टमनला फार तर शिंक आली असती," तो म्हणाला. "आत्याला काय होईल, सांग ना. उद्या ऑपरेशन थांबलं तर? माझ्या फोटोपायी थांबलं तर? मला शाळेत सोडायला ती यायची, आई नाही. मला तिचा फोटो नकोय, मला ती हवीय."

हे ऐकून धाकटीचा राग उतरला असं नाही, पण तो कुठे ठेवावा हे तिला कळेना. ती खुर्चीत बसली आणि कोटाचं अस्तर उलटं करून टाके बघू लागली. अस्तरात तिने दोन कप्पे शिवले होते, एक पाठीशी, एक पोटाशी, गरम पाण्याच्या पिशव्यांसाठी. मागच्या आठवड्यात आत्या वर आली होती, बटणं लावताना बघत बसली, आणि निघताना म्हणाली, मलाही शिवशील का एक? मग म्हणाली, कॉलर उतरती ठेव, इकडून. आणि तिने डाव्या गालाला बोट लावलं. एवढ्या वर्षांत धाकटीने तिला त्या गालाला हात लावताना पाहिलं नव्हतं. बाहेर जाताना तर आत्या स्कार्फ असा ओढून घ्यायची की समोरच्याला अर्धाच चेहरा मिळायचा.

"कॉलरचं माप घेताना त्या रडल्या," धाकटी म्हणाली. "तुला सांगितलं नाही मी. त्यांनी सांगू नको म्हटलं."

जिन्यात पावलं वाजली. आत्या आत आली, तिच्यामागे थोरली. थोरली समजूत घालायलाच आली होती, आणि समजूत घालण्यात तिचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं. अडून बसलेली गिऱ्हाइकं ती रोज हसतहसत परत पाठवायची.

"आत्याबाई, माझं ऐका. आधी ऑपरेशन होऊ दे. बऱ्या व्हा. उन्हाळ्यात आपण सगळे मिळून बाहेर जाऊ, हवे तेवढे फोटो काढू. मीही काढेन तुमच्याबरोबर."

"उन्हाळ्यात काय काढणार?" आत्या म्हणाली. "हा गाल असेल का तेव्हा?"

आत्याने कोट उचलला आणि स्वतःच अंगात घातला. गडद मातकट तांबडा रंग होता तो, धाकटीने दोनदा उकळून आणलेला. "घरात माझे ढीगभर फोटो आहेत गं. तुझ्या लग्नातले, या पोरांच्या वाढदिवसांचे. एकाही फोटोत मी नाही. कोणीतरी स्वच्छ गालांची बाई आहे, माझे कपडे घालून बसलेली. मला तिचा कंटाळा आलाय."

"अण्णांनी प्रेमानंच केलं ना ते?"

"प्रेमानंच केलं. मी कुठे नाही म्हणते?" तिने एकेक बटण लावलं. "हा डाग मला आवडतो असंही समजू नका. आरशात बघून वैताग आलाय त्याचा. पण माझा आहे. उद्या तो काढून टाकतील. मग पुरावा काय? आणखी काही वर्षांनी तुम्हीच म्हणाल, खरंच होता का डाग? फोटोत तर दिसत नाही."

थोरली दाराकडे वळली. "मी खाली जाऊन अण्णांचं बघते," एवढंच म्हणून ती निघाली. जाताना मात्र तिने धाकट्याला दटावलं. "आणि तू तो पट्टा पिळणं बंद कर. तुटेल."

*

थोरली काही मनाने हळवी वगैरे नव्हती. काउंटरवर बसून माणूस हळवा राहत नाही. ओळखपत्रांचे फोटो, नोकरीच्या अर्जांचे फोटो, सगळे तिच्या हातून जायचे, आणि त्यातले काही परतही तिच्याच हातात यायचे. ओळख पटत नाही म्हणाले ऑफिसात, असं म्हणत गिऱ्हाईक फोटो काउंटरवर आपटायचं. थोरल्याने कॉम्प्युटरवर सुरकुत्या एवढ्या पुसलेल्या असायच्या, की आजोबांच्या जागी त्यांचा मुलगा दिसावा. थोरली हसून दुसरा फोटो काढून द्यायला सांगायची. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणायचा, लोकांना आवडतं.

ती खाली आली तेव्हा अण्णा पडद्यापुढच्या त्या रिकाम्या खुर्चीत बसले होते. दिवे अजून चालूच होते. तिने अण्णांना काही विचारलं नाही. ती आतल्या टेबलाशी गेली. थोरला कॉम्प्युटरवर होता. स्क्रीनवर आत्या होती, विशीतली, उजवा गाल पुढे, केस मागे चापून बांधलेले, कातडी दुधावरच्या सायीसारखी. हा अण्णांचा सगळ्यात लाडका फोटो. नर्सिंगच्या परीक्षेच्या अर्जासाठी काढलेला. त्यावर अण्णांनी दोन दिवस घालवले होते म्हणे. परीक्षेत मात्र आत्याला पेपर अवघड गेले, ती पास झाली नाही, आणि मग इथेच राहिली, काळेपांढरे फोटो हाताने रंगवत. ही गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ होती.

"हा कशाला काढलात?" थोरलीने विचारलं.

"काही नाही. मोठा करून ठेवतोय. फ्रेमसाठी."

"कशाची फ्रेम?"

"असू दे गं घरात एक."

"अहो, कशाची फ्रेम?"

थोरल्याने माऊसवरचा हात काढला. "अण्णा म्हणाले, तयार असू दे. पुढे काही... ऐनवेळी धावपळ नको. आजचा चांगला आला असता तर तोच घेतला असता. ती बसली नाही, म्हणून मग हा."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज मात्र तिने वाढवला नाही. आवाज वाढवायची तिला कधी गरज पडली नव्हती.

"म्हणजे ती वर नवा कोट घालून उभी आहे, आणि तुम्ही खाली तिची भिंतीवरची तसबीर करताय. आणि वर तोंड करून तिला सांगताय, सर्दी होईल."

"तसं नाहीये ते."

"मग कसंय?"

"मला भीती वाटते," तो शेवटी म्हणाला. "नुसतं बसवत नाही. हाताला काहीतरी काम हवं ना."

खरं बोलला होता बिचारा. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने भिंतीवरच्या खिळ्याला लावलेली गाडीची किल्ली काढली.

"कुठे निघालीस?"

"तळ्यावर. हाताला काम हवं ना? मग थर्मासमध्ये चहा भरा."

"अगं पण अण्णा?"

"अण्णांचं मी बघणार होते. बघितलं."

मधला पडदा ओढलेला नव्हता, अण्णांना सगळं ऐकू गेलं असणार. थोड्या वेळाने आत्या, धाकटा, धाकटी, पिशव्या, तिपाई, असं सगळं लटांबर गाडीशी आलं, तर पुढच्या सीटवर अण्णा आधीच बसलेले. अंगात साधा स्वेटर, गळ्याला मफलर नाही. कशाला आलात, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. थोरली गाडी चालवायला बसली, थोरला स्टुडिओतच राहिला.

*

तळं गोठून पांढरं झालं होतं आणि काठावरच्या झाडांवर बर्फ बसला होता. ऊन अजून होतं, पण तिरपं. टेकडीच्या मागे जायला त्याला फार वेळ लागणार नव्हता. धाकट्याने जादा बॅटरी सदऱ्याच्या आत पोटाशी धरली होती, कारण थंडीत ती बघता बघता मान टाकते. अण्णा गाडीतच बसून राहिले होते. त्यांच्याकडे बघायचं नाही, असं त्याने स्वतःला बजावलं आणि तिपाई रोवली.

धाकटीने आत्याला काठापासून दोन पावलं आत उभं केलं, पाठीशी आणि पोटाशी गरम पिशव्या सरकवल्या, कॉलर नीट बसवली. "स्कार्फ माझ्याकडे द्या."

आत्याने स्कार्फ काढून दिला. उघड्या बर्फात, उघड्या उन्हात, ती कुणाला अशी दिसण्याची ही पहिलीच वेळ असेल. डाग उन्हात जांभळा नव्हताच. कोटाच्या रंगाच्या जवळ जाणारा होता, कडेला फिकट होत गेलेला. धाकटीने तो रंग कुठून घेतला हे धाकट्याला तेव्हा कळलं, आणि आपल्या बायकोबद्दल त्याला एकदम फार वाटलं. पण ते बोलायची ही जागा नव्हती.

"आत्या, श्वास सोड. सगळा. वाफ जाऊ दे. हां, आता माझ्याकडे बघ."

ती बघत होती. त्याने बटण दाबायला बोट टेकवलं, आणि नेमकं तेव्हा तिची मान वळली. उजवा गाल पुढे, डावा मागे.

"आत्या, समोर."

"समोरच आहे की."

"वळलीस."

"बरं. परत."

परत तेच. श्वास सुटला, वाफ विरली, बोट टेकलं, आणि मान वळली. धाकटी तिच्यासमोर बर्फात गुडघे टेकून बसली. "माझ्याकडे बघा आत्या, कॅमेऱ्याकडे नको." तरी मान वळली. धाकट्याने तिला बोलतं केलं, शाळेतल्या गमती काढल्या, मध्येच न सांगता बटण दाबून पाहिलं. आवाजाच्या आधी कसं कळायचं कोण जाणे, मान वळलेलीच. अण्णांनी लावलेली सवय होती ती. हनुवटीला दोन बोटं लावून अण्णा मान वळवायचे, ते आता बोटांशिवाय होत होतं.

"आवरा," काठावरून थोरलीने हाक दिली. "ओठ निळे पडायला लागलेत त्यांचे."

"अजून एकदा," आत्या म्हणाली.

"आत्याबाई, पुरे आता."

"एकदा म्हटलं ना." तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, थंडीने की कशाने, सांगता आलं नसतं. ती धाकट्याला हळूच म्हणाली, "मान ऐकत नाही रे माझी."

धाकट्याला वाटलं, आता कॅमेरा ठेवावा, तिला मिठीत घ्यावं आणि घरी न्यावं. टेकडीची सावली तळ्याच्या पलीकडच्या काठाला लागली होती.

तेवढ्यात गाडीचं दार वाजलं. अण्णा उतरले आणि सरळ तळ्यावरून चालत आले, बर्फावर पाय जपून टाकत, गळा उघडा. (त्या दिवसाची सर्दी झाली ती त्यांनाच. आत्याला साधी शिंकही आली नाही.) धाकटी उठून उभी राहिली. अण्णा आत्याच्या डाव्या बाजूला येऊन थांबले. आता ते तिला हाताला धरून नेणार, हे धाकट्याने ओळखलं, आणि आपण अडवणार का, हे त्याला स्वतःलाच कळेना.

"बेबी," अण्णा म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "चल घरी. कशाला जिवाला त्रास करून घेतेस? तुला नाही जमायचं हे. तुझा चांगला फोटो आहे की आपल्याकडे. परीक्षेच्या वेळचा. त्याच्यासारखा दुसरा होणे नाही. तोच ठेवू."

आत्याने मान वळवली. पण या वेळी डावीकडे, अण्णांकडे. मग अंगासकट वळली, आणि ऊन तिच्या गालावर पूर्ण आलं.

"तो फोटो?" ती म्हणाली. "त्या फोटोनं मला परीक्षेच्या दारातून परत पाठवलं."

"काय?"

"पेपर अवघड नव्हते गेले. मी पेपर बघितलेच नाहीत. दारावरच्या बाईनं फोटो बघितला, मग मला बघितलं, आणि म्हणाली, या तुम्ही नाही. मी म्हटलं, मीच आहे. ती म्हणाली, डाग कुठंय? मी काय सांगणार होते तिला? माझ्या भावानं पुसलाय म्हणून सांगू? ती म्हणाली, दुसऱ्याच्या नावावर बसायला येता, लाज नाही वाटत? मागे रांग होती, सगळ्या पोरी बघत होत्या. मी तिथून चालत घरी आले."

अण्णा म्हणाले, "मला बोलली नाहीस."

"तू दारात उभा होतास. विचारलंस, कसा गेला पेपर? दोन दिवस खपला होतास त्या फोटोवर, डोळे सुजले होते तुझे. मी म्हटलं, अवघड गेला. काय बोलणार होते, अण्णा? मला नर्स व्हायचं होतं. एवढं एकच मला व्हायचं होतं. आणि मी जन्मभर तुझ्या टेबलाशी बसून लोकांचे गाल गुलाबी केले. आज त्या हॉस्पिटलात जाईन तर पोरी येतील, माझा हात धरून सुई टोचतील, आणि मी त्यांच्याकडे बघत बसेन. आणि तू म्हणतोस, तोच फोटो ठेवू."

बटण दाबल्याचा आवाज झाला. धाकट्याने दाबलं होतं. मग पुन्हा, आणि पुन्हा. हे चाललंय ते आपण ऐकावं का, हेही त्याला ठाऊक नव्हतं, पण बोट थांबलं नाही. धाकटी त्याच्या दंडाला धरून उभी होती. काठावर थोरलीने थर्मासचं झाकण उघडून तसंच धरलं होतं.

आत्या दमली. बोलायची थांबली आणि तिच्या तोंडून मोठी वाफ निघाली. अण्णा जागचे हलले नव्हते. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. "बेबी, मला..." ते म्हणाले.

"आज नको," आत्या म्हणाली. "ऊन चाललंय." मग धाकट्याला म्हणाली, "आला का रे?"

"आला बहुतेक."

"दाखव."

ती कॅमेऱ्यापाशी आली. धाकट्याने मागच्या छोट्या स्क्रीनवर हाताची सावली धरली. त्यात एक म्हातारी बाई रागाने बोलत होती. तोंड अर्धवट उघडं, भुवया जवळ आलेल्या, नाक लाल, आणि डोळ्याखालून जबड्यापर्यंत तो डाग, उन्हात लख्ख, कडेपर्यंत सगळा. फोटोत छान दिसतात तशी ती दिसत नव्हती. ती दिसत होती. आत्याने बराच वेळ बघितलं. एकदा स्क्रीनवर बोट ठेवलं, बरोबर डागावर, आणि काढलं.

अण्णाही जवळ आले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी हटकलंही नाही. चष्मा त्यांच्या खिशातच होता. तो काढून, पुसून, डोळ्याला लावून त्यांनी वाकून पाहिलं. धाकट्याने काढलेला एखादा फोटो ते पहिल्यांदाच बघत होते. मग ते सरळ झाले आणि त्यांनी आवाज काढला, घरात कुणी मोडत नसे तो आवाज.

"याला कुणी हात लावायचा नाही. थोरल्याला सांगा."

"ते तू नको सांगूस," आत्या म्हणाली.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं.

"गाल माझा आहे, अण्णा. सांगायचं ते मी सांगेन." तिने धाकटीच्या हातातला स्कार्फ घेतला, डोक्याला बांधला, गाल मोकळा ठेवून. मग ती धाकट्याकडे वळली. "याला कुणी हात लावायचा नाही. तुझ्या दादाला सांग, आत्यानं सांगितलंय."

धाकट्याने मान हलवली. थोरली काठावरून हाका मारत होती, चहा गार होतोय, गाडीत बसा सगळे, हॉस्पिटलात उशीर होईल. आत्या अजून अण्णांच्या तोंडाकडे बघत उभी होती.

अण्णा म्हणाले, "बरं."